हळू ऐकायला मोठा ॲम्प्लिफायर

‘कमी पॉवरचा घ्या, सांभाळून राहील,’ असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यातल्या एकालाही मी आजवर माफ केलेलं नाही. त्यांतले बरेचसे आता हयात नाहीत, तरी नाही. माझी नात म्हणते, ‘आजी, किती वर्षं झाली, सोड ना आता.’ ती लिंबाएवढ्या स्पीकरवर गाणी ऐकते आणि तो स्पीकर अंघोळीलासुद्धा घेऊन जाते. तिला काय सांगायचं? तिच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःच्या घरात स्वतःच्या खुर्चीत बसून गाणं ऐकावं, एवढ्या एका गोष्टीसाठी मी महाडच्या बाजारपेठेत भर दुकानात भांडले होते. आणि ते भांडण जिंकले होते. जिंकलेलं भांडण कोणी सोडतं का?

आम्ही पोलादपूरच्या बौद्धवाडीत राहायचो. पुढे पडवी, मग शहाबादी लादीची बाहेरची खोली, आत स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि फणसाचं झाड. आप्पा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. अक्षर सुंदर, आवाज बारीक, कपडे परीटघडीचे. त्यांची एक सवय मला लहानपणापासून खटकायची. कोणीही दारात आलं की ते खुर्चीतून उठायचे. तलाठी आला, उठले. बाजारातला दुकानदार आला, उठले. पोस्टमनला बघून उठायचे, आणि एकदा तर वाट चुकून पाणी मागायला आलेल्या ट्रकच्या क्लीनरला बघूनही उठले. उठायचे, खुर्चीवर नसलेली धूळ खांद्यावरच्या पंच्याने झटकायचे आणि ‘बसा ना, बसा’ म्हणत स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे. चहा झाला की आईच्या हातातला ट्रे घेऊन तो स्वतःच पाहुण्यापुढे करायचे. आई म्हणायची, ‘तुमच्या खुर्चीला काटं हायत काय हो?’ आप्पा नुसते हसायचे. पाहुण्याचा मान राखणं निराळं आणि हे निराळं, हे मला तेव्हाही कळत होतं, फक्त सांगता येत नव्हतं. आता सांगता येतं, पण ऐकायला आप्पा नाहीत.

आमच्याकडे आवाजांना तोटा नव्हता. हायवेवर कशेडीच्या चढाला लागणाऱ्या ट्रकांचे गिअर, पिठाच्या गिरणीचा पट्टा, आईच्या पाट्यावर घरंगळणारा वरवंटा, शेजारच्या काकीने कोंबड्यांना घातलेल्या शिव्या. पहाटे देवळाचा कर्णा वाजायचा, पौर्णिमेला आमच्या विहाराचा. लग्नात कर्णा, निवडणुकीत कर्णा. गाणं ही गावात बाहेरची गोष्ट होती, खांबावर टांगलेली. दार लोटून, घरात बसून, दुसरं काही न करता गाणं ऐकणारं माणूस आमच्या माहितीत एकच होतं, ते म्हणजे आप्पा. मामाने दिलेला टेप संध्याकाळी मांडीवर घेऊन ते त्याला जवळजवळ कान चिकटवून बसायचे. एका बुजुर्ग बाईंनी गायलेला मुलतानी त्यांचा जीव की प्राण. बाई फार सावकाश गायच्या. आई आत सुकट भाजता भाजता ओरडायची, ‘काय हो ही बाई! कधीची दारात उभी हाय, आत काय येईना!’ आम्ही सगळे हसायचो, आप्पासुद्धा. सुकटीचा खमंग वास, तांदळाच्या भाकरीची तव्यावरची वाफ आणि त्या छोट्याशा टेपमधून डब्यातून आल्यासारखा येणारा मुलतानी, हे तिन्ही माझ्या डोक्यात इतके एकत्र झालेत की आजही तो राग लागला की मला भूक लागते.

आप्पा असं कान लावून का ऐकतात, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं होतं. लहानपणी ते आजोबांबरोबर लाकडाच्या मोळ्या घेऊन महाडला जायचे. तिथे एका बड्या घरात रेडिओ होता. मोळी मागच्या दाराला टाकली की आजोबा चुना-तंबाखूला थांबायचे, आणि आप्पा बाजूच्या बोळात जाऊन त्या घराच्या खिडकीखाली उभे राहायचे. कितीतरी गाणी त्यांनी तशी उभ्याने ऐकली. एक दिवस आतून कोणीतरी वाकून पाहिलं. ‘मग काय म्हणाले? ओरडले?’ मी विचारलं. ‘नाही गं,’ आप्पा म्हणाले, ‘कोणी काही बोललं नाही. नुसती खिडकी लावून घेतली.’ एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही आणि मी विसरले नाही.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, महाडला, सायन्सला. रोज एसटीने जाऊन येऊन. त्याच थंडीत मामा आखातातली नोकरी संपवून परत आला आणि दोन भल्यामोठ्या लाकडी पेट्या टेम्पोतून आमच्या दारात उतरवून गेला. त्याच्या मुंबईतल्या खोलीत माणसंच मावत नव्हती, पेट्या कुठून मावणार? आई पदर खोचून बाहेर आली. ‘अरे ही काय कपाटं आनलीस रे?’ ‘कपाटं नाय गो ताई, स्पीकर हायत. हाय-फाय! एकदम जेन्युइन माल! दाजींसाठी.’ गुळगुळीत लाकूड, पुढे काळं कापड, कापडाआड खाली ताटाएवढा मोठा स्पीकर आणि वर वाटीएवढा छोटा. मोठ्यातून भरदार आवाज यायचा, छोट्यातून बारीक. आप्पांनी दोन्ही पेट्यांवरून हात फिरवला. एवढे खूश मी त्यांना माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. फक्त एक अडचण होती. ह्या पेट्या नुसत्या टेपला जोडून वाजत नाहीत, मध्ये ॲम्प्लिफायर लागतो, आणि तो मामाने आणलेला नव्हता. सामान जास्त झालं म्हणून तिकडेच एका दोस्ताला विकून आला होता. मामाचं सगळं असंच अर्धवट.

मग आप्पा आणि मी महाडला रेडिओच्या दुकानात गेलो. दुकान वसंतशेठचं. माणूस गोड बोलणारा, गंधवाला, गिऱ्हाइकाला ‘बाळा’ म्हणणारा. आप्पांना ओळखत होता, म्हणजे आम्ही कुठले ते ओळखत होता. आप्पा ‘ॲम्प्लिफायर’ हा शब्द पुरा करायच्या आत तो म्हणाला, ‘जयंतीसाठी ना, गुरुजी? आहे ना!’ आणि काउंटरवर माइकची तीन भोकं असलेला, कर्ण्याला लावायचा एक पत्र्याचा ठोकळा ठेवला. आप्पा म्हणाले, ‘नाही हो शेठ, घरात ऐकायला.’ ‘घरात?’ शेठने माझ्याकडे बघितलं, जणू आप्पांची चेष्टा मी समजावून सांगणार होते. मी पेटीच्या मागच्या पट्टीवरचं वाचून आणलं होतं, ते सांगितलं. चार ओहम, शंभर वॅट. शेठ हसला. ‘मग पंधरा वॅटचा न्या. पेटी शंभर झेपवणारी, आपण देणार पंधरा. जन्मात जळायची नाही! कमी पॉवरचा घ्या गुरुजी, सांभाळून राहील. उगाच मोठ्याच्या नादी लागू नका.’ मी म्हटलं, ‘ह्यावर तर आठ ओहम लिहिलंय.’ ‘ते असं लिहितात बाळा,’ शेठ म्हणाला. दुकानात स्टूल होतं. शेठने दोनदा बसा म्हटलं, आप्पा शेवटपर्यंत उभेच राहिले.

घरी आणून जोडला. मी सुतळीने माप घेऊन पेट्या मांडल्या. दोन पेट्यांत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक पेटीपासून खुर्चीचं. तिथे बसलं तर बाईंचा आवाज ना उजव्या पेटीतून येतो ना डाव्या, बरोबर मधल्या रिकाम्या भिंतीतून येतो. अशी जागा खोलीत एकच असते, एकाच माणसाची. मी तिथे लादीवर खडूने खुर्चीच्या चार पायांच्या खुणा केल्या आणि आईला बजावलं, केर काढताना ह्या पुसायच्या नाहीत. ‘रांगोळी काढलीस व्हय आप्पासाठी?’ आई म्हणाली, पण खुणा कधी पुसल्या नाहीत.

आप्पा बसले. टेप सुरू केला. आवाज आला, पण दूरचा, मलूल. बटन निम्मं फिरवलं, तरी तसाच. त्या पेट्या बंद बांधणीच्या, जड पडद्याच्या होत्या. खूप पॉवर खायच्या तेव्हा कुठे थोडा आवाज द्यायच्या. हे तेव्हा आम्हाला कोण सांगणार? बटन पाऊण फिरवलं. आता बाई जरा जवळ आल्या, पण वरच्या सुरावर गेल्या की आवाजाला चरचर सुटायची, गरम तेलात पाणी पडावं तशी. आईने ॲम्प्लिफायरला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. ‘अगो शैले, सवच्या गरम पाण्याच्या कुंडासारखा तापलाय हा! ह्याच्यावर भाकरी भाजू काय?’ आम्ही आठवडाभर तसंच ऐकलं. मग एका संध्याकाळी बाई तानेला गेल्या आणि डाव्या पेटीतला छोटा स्पीकर गप्प झाला. जळक्या लाखेसारखा वास आला. बाईंचा आवाज मधल्या भिंतीतून सरकून उजव्या कोपऱ्यात जाऊन पडला. आप्पांनी उठून टेप बंद केला. ‘आपल्याला नको ते, शैला,’ ते म्हणाले, ‘मी आपला टेपवरच ऐकीन.’ आणि टेप मांडीवर घेऊन पडवीत जाऊन बसले. मला स्पीकर जळल्याचं दुःख नव्हतं. ‘आपल्याला नको ते’ हे तीन शब्द मला झोंबले. आपल्याला का नको? कोणी ठरवलं?

दुसऱ्या दिवशी ॲम्प्लिफायर आणि जळका स्पीकर पिशवीत घालून आम्ही पुन्हा शेठच्या दुकानात. शेठने स्पीकर हातात घेऊन उलटापालटा केला, वास घेतला आणि दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, ‘गुरुजी, खरं सांगा हं. वस्तीत लावला असेल ना पोरांनी? फुल्ल करून? तुमच्याकडे जयंतीला काय जोरात लावतात, मला काय माहीत नाही?’ आप्पांचा चेहरा मला आजही दिसतो. ते ‘नाही हो’ म्हणाले, तेही इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं. मी म्हटलं, ‘शेठ, जयंती एप्रिलात असते. आता फेब्रुवारी चाललाय.’ एक गिऱ्हाईक फस्सकन हसलं. शेठचं हसू गेलं. ‘बाळा, मोठ्यांच्या बोलण्यात बोलू नये. पंधरा वॅटने शंभर वॅटचा स्पीकर जळत नसतो. जोरात लावल्याशिवाय जळत नसतो. वापर चुकीचा, माल परत होणार नाही.’ आप्पांनी पिशवी उचलली आणि ‘बरं’ म्हणाले. बरं! एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रागाने रडले. आप्पांनी पंचा पुढे केला, तोही मी घेतला नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. जयंतीला आम्ही जोरातच लावायचो. आकाशाला भोक पडेल असं लावायचो आणि मी पुढे नाचायचे. त्याची मला तेव्हा लाज नव्हती आणि आजही नाही. ज्यांना शेकडो वर्षं आवाज काढू दिला नाही त्यांनी वर्षातून एक दिवस जोरात लावलं, तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण म्हणून आम्हाला हळू ऐकता येत नाही, आमच्या घरात मुलतानी वाजूच शकत नाही, हे ठरवणारा वसंतशेठ कोण लागून गेला?

मी कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या सरांना गाठलं. पहिल्यांदा ते ‘प्रयोगशाळा काय रिपेरीचं दुकान आहे?’ असं म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्या दाराशी उभी राहिले. तिसऱ्या दिवशी कंटाळून त्यांनी ॲम्प्लिफायर टेबलावर ठेवायला सांगितला. लहरी दाखवणारं यंत्र होतं आमच्याकडे, छोट्या हिरव्या पडद्याचं. त्यावर गोल चढउताराची लहर दिसू लागली. सरांनी बटन वाढवलं. लहर मोठी झाली, आणखी मोठी, आणि मग अर्ध्यावरच तिचे वरचे गोल माथे सपाट झाले, कोयत्याने छाटल्यासारखे. ‘बघ,’ सर म्हणाले, आता त्यांनाही गोडी वाटायला लागली होती, ‘ह्याच्यात आहे त्याहून जास्त मागितलं की हा माथे छाटतो. ती चरचर म्हणजे हेच. आणि छाटलेल्या लहरीतला सगळा कचरा जातो छोट्या स्पीकरवर. तोच जळणार.’ चार ओहमचंही तेच. ओहम कमी म्हणजे पेटी ॲम्प्लिफायरमधून करंट जास्त ओढणार, तो पुरवायला ह्याच्या अंगात जोर नाही, म्हणून हा तापणार. ज्याला हे कंटाळवाणं वाटत असेल त्यानेही वगळू नये, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. स्पीकर मोठ्या ॲम्प्लिफायरने जळला नव्हता. जोरात लावून जळला नव्हता. कमी पॉवरच्या, सांभाळून राहणाऱ्या, आमच्या लायकीचा म्हणून दिलेल्या ॲम्प्लिफायरने जळला होता.

मामाला निरोप धाडला. त्याने मुंबईहून छोट्या स्पीकरची जोडी पाठवली. एक जळला तरी दोन्ही बदल, नाहीतर दोन पेट्या दोन सुरांत बोलतील, असं सांगितलं. मामाने आयुष्यात पूर्ण केलेलं हे एकच काम. मी कापड काढून, स्क्रू सोडवून, कॉलेजातून मागून आणलेल्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने डाग देऊन ते बसवले. आप्पा दारात उभे राहून बघत होते. ‘कशाला गं धडपडतेस?’ म्हणाले. जळका छोटा स्पीकर मी ठेवून दिला. आत्ता हे लिहिताना तो टेबलावर समोरच आहे.

मग मी एकटी शेठकडे गेले. शनिवार होता, बाजाराची गर्दी होती, दुकान भरलेलं होतं. तीच वेळ मी मुद्दाम निवडली होती. वरच्या फळीवर, प्लास्टिक न काढलेला, एक मोठा काळा ॲम्प्लिफायर मी पहिल्या खेपेलाच पाहून ठेवला होता. कुणा डॉक्टरांनी मागवला होता, त्यांची बदली झाली आणि तो तिथेच राहिला. खालून मान वर करून वाचता येईल अशा ठिकाणी त्याच्यावर लिहिलं होतं, चार ओहम चालेल, एका बाजूला साठ वॅट. मी म्हटलं, ‘शेठ, तो वरचा काढा.’

‘तो? तो काय करायचाय तुला?’

‘घरात लावायचाय.’

‘अगं बाळा, पंधरानेच स्पीकर जाळलात. आता साठ लावून घर पेटवायचंय का?’ दुकान हसलं. शेठला चेव आला. ‘दोन खोल्यांचं घर तुमचं. एवढी पॉवर हवीये कशाला?’

‘हळू ऐकायला,’ मी म्हटलं.

आता तर लोक खिदळायलाच लागले. मी तशीच उभी. हसणं संपेपर्यंत थांबले आणि म्हटलं, ‘शेठ, तुम्ही आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गेलायत ना? लहान इंजिनाची गाडी भरून घाटाला घातली की काय होतं? रडते, ओरडते, पाणी उकळतं आणि वळणावर बंद पडते. मोठ्या इंजिनाची गाडी मुकाट चढते. ते इंजिन काय पळायला असतं? न रडता चढायला असतं. माझ्या पेट्या म्हणजे घाट आहे. तुम्ही मला रिक्षा विकलीत. आणि वर म्हणालात, पोरांनी नाचवली.’ मग पिशवीतला पंधरा वॅटचा काढून काउंटरवर ठेवला. ‘माझं खोटं असेल तर हा आत्ता तुमच्या त्या चार ओहमच्या नव्या स्पीकरना लावा. पाऊण बटन फिरवा आणि तासभर चालू ठेवा. मी थांबते.’

शेठने ॲम्प्लिफायरकडे बघितलं, आपल्या नव्या स्पीकरकडे बघितलं. लावला मात्र नाही. ‘लावा की शेठ,’ एक ट्रकवाला म्हणाला, ‘आमाला पन बघू द्या.’ शेठ कानापर्यंत लाल झाला. माणूस पक्का व्यापारी, मोडायचा नाही. ‘ठीक आहे,’ तो म्हणाला, ‘मोठा घेऊन जा. रविवारी मी स्वतः पोलादपूरला येतो. माझ्यासमोर वाजव. नीट वाजला तर लहान परत घेतो, त्याचे पैसे ह्यात वळते करतो. पण पुन्हा काही जळलं, तर दोन्ही तुमचे, आणि बाजारात सांगत फिरेन मी.’ ‘फिरा,’ मी म्हटलं. बाकीच्या पैशांचं आप्पांनी आणि मामाने मिळून काय केलं ते मी इथे लिहीत नाही. मास्तराने भारी वस्तू घेतली की लोकांना गाणं दिसत नाही, नुसता हिशोब दिसतो.

रविवारी आईने वालाचं बिरडं केलं होतं. घरभर ओल्या नारळाचा वास. दुपार उतरायला लागली, तशी शेठची स्कूटर वाडीत शिरली. आप्पांनी परीटघडीचा सदरा घातला होता आणि सकाळपासून ते तीनदा पडवीत जाऊन आले होते. शेठ पडवीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. चपला काढल्या नाहीत. ‘लावा, लावा,’ म्हणाला, ‘मी इथंच बरा आहे, गुरुजी. इथून येतं ऐकू.’

मी आतून बघत होते. माझ्या मनात आलं, राहू दे उभा. बरी खोड मोडली. आप्पा दारापाशी गेले. नेहमीसारखेच नम्र, नेहमीसारखाच बारीक आवाज. ‘इथून ऐकू येतं हो शेठ,’ ते म्हणाले, ‘पण अर्धंच येतं. मी लहानपणी पुष्कळ ऐकलंय असं बाहेरून. आत या.’

शेठला बोळातली ती खिडकी माहीत असायचं कारण नव्हतं. पण आप्पांच्या बोलण्यात असं काहीतरी होतं की तो वाकला, चपला काढल्या आणि आत आला. आणि मग जी मला भीती होती तेच झालं. आप्पांनी खांद्यावरचा पंचा काढला, खडूच्या खुणांवर ठेवलेली ती खुर्ची झटकली आणि म्हणाले, ‘बसा ना शेठ, बसा.’ स्वतः चौकटीकडे सरकले सुद्धा. शेठ बसायला वाकला.

‘शेठ, तिथं नाही,’ मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच चढला होता. ‘ती खुर्ची आप्पांची आहे. तुमच्यासाठी हे बाक ठेवलंय.’

‘शैला!’ आप्पा म्हणाले. पाहुण्यासमोर मला असं त्यांनी कधी दटावलं नव्हतं. शेठ अर्धवट वाकलेला तसाच राहिला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. क्षणभर मलाही वाटलं की चुकले, की आता हे सगळं इथेच मोडणार. पण मागे कशी येणार? ‘पेट्या त्या खुर्चीसाठी लावल्यात,’ मी म्हटलं, ‘दुसरं कोणी बसलं तर मी वाजवणारच नाही. शेठनी खुशाल बाजारात सांगावं.’

आतून आईचा आवाज आला, ‘बसा हो आता. पोरगी कवाची ताटकळलीय.’

शेठ सरळ झाला. माझ्याकडे नाही, आप्पांकडे बघून म्हणाला, ‘बसा, गुरुजी.’ आणि कडेच्या बाकावर जाऊन टेकला. आप्पा आले. खुर्चीचे हात धरले, काहीतरी तपासल्यासारखं बघितलं आणि बसले. मी टेप लावला. बटन जेमतेम पाव फिरवलं असेल, जास्त नाही. तंबोरा आला आणि मधल्या रिकाम्या भिंतीत बाई उभ्या राहिल्या. आवाज मोठा नव्हता. वरवंट्याचा असतो त्याहूनही कमी होता. पण बाई श्वास घेत होत्या तो ऐकू येत होता, सूर लावायच्या आधी ओठ उघडत होत्या ते ऐकू येत होतं. मग त्या वरच्या सुरावर गेल्या, तानेला गेल्या, जिथे मागच्या वेळी जळला होता तिथे. चरचर नाही, वास नाही. घाट मुकाट चढून त्या पलीकडे उतरल्या. आईने पदराला हात पुसत येऊन ॲम्प्लिफायरवर तळवा ठेवला. ‘थंड हाय,’ म्हणाली, जणू तापातून उठलेल्या पोराबद्दल सांगत होती. मग ती तिथेच उभी राहून ऐकत राहिली. थोड्या वेळाने माझ्या कानाशी पुटपुटली, ‘आज आली गो बाई आत.’

शेठला बाकावरून एकच पेटी ऐकू येत असणार, अर्धंच. ते त्याने मान खाली घालून ऐकलं. कॅसेटची बाजू संपायच्या थोडं आधी आई चहा घेऊन आली. ट्रे तिने सवयीने आप्पांपुढे धरला, त्यांनी उठून तो घ्यावा आणि पाहुण्याला द्यावा म्हणून. आप्पांचे डोळे मिटलेले होते. आई थोडा वेळ थांबली, मग तिने माझ्याकडे बघितलं. शेठही बघत होता. शेवटी तोच बाकावरून उठला, दोन पावलं पुढे आला आणि त्याने आपला कप आपल्या हाताने उचलला. आमच्या घरातल्या कपाला त्याचा हात लागण्याची ती पहिलीच वेळ. आप्पांनी डोळे उघडले, शेठला समोर उभं पाहिलं, आणि हाताने त्याला बसा अशी खूण केली.

आप्पा उठले नाहीत.